जुना लष्करी पोशाख : अस्सल कोणता, नक्कल कोणती?



जुनीं नाणीं जमविणारे, जुनीं तिकिटें जमविणारे, जुन्या पोथ्या जपून ठेवणारे गृहस्थ आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचे असतील. जुने लष्करी पोशाख जमविणारा मनुष्य मात्र सहसा कोणाच्या ओळखीचा नसतो. घरांत कोणा अनोळखी शिपायाचा विटका कोट टांगून ठेवणाऱ्या माणसाकडे शेजारीपाजारी थोड्या संशयानेंच पाहतात. हा छंद मला बरीच वर्षें जडलेला आहे, आणि त्याच्या पायीं मी फसलोंहि आहें. असा पोशाख हातीं आला म्हणजे तो अस्सल कीं बनावट हें ओळखावें कसें, आणि तें ओळखण्याची एवढी आवश्यकता तरी काय, याविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे. त्यासाठीं मी आपणांस एका गांवीं घेऊन जातों.

पालघर जिल्ह्यांत, बोईसर स्टेशनापासून थोड्याच अंतरावर, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून कुंभवली नांवाचें गांव आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तेथील एका घरून मला निरोप आला. घरांत एक पेटी आहे, पेटींत एक तांबडा कोट आहे, आणि तो चिमाजीअप्पांच्या सैन्यांतून तारापूरच्या किल्ल्यावर चालून गेलेल्या आपल्या पूर्वजाचा आहे, अशी त्या घराची दृढ समजूत होती. जवळच्या एका शाळेंत जुन्या वस्तूंचें प्रदर्शन भरावयाचें होतें. कोट तेथें मांडण्यापूर्वीं कोणीतरी जाणत्यानें पाहावा, एवढीच त्यांची अपेक्षा. घरांतील वडील पुरुष, ज्यांना सारा गांव नाना म्हणून ओळखतो, ते मला घेण्यासाठीं स्वतः नाक्यावर आले होते.

पेटी उघडली. एका मळकट हिरव्या फडक्यांत गुंडाळलेला तो कोट बाहेर निघाला. लालभडक कापड, पिवळी कॉलर, खांद्यांवर जरीच्या झालरी आणि छातीवर दोन ओळींनीं लावलेलीं चकचकीत बटणें. नानांनीं त्याला हात जोडले. मींहि जोडले. कोणाच्या देवघरांत शिरल्यावर तेथील मूर्ति कोणत्या धातूची, हें आपण लागलीच विचारीत नाहीं.

आतां इतिहास काय सांगतो तें पाहूं. उत्तर कोंकणांतील पोर्तुगीजांच्या ठाण्यांवर चिमाजीअप्पांनीं जी मोहीम चालविली, तींत १७३९ च्या जानेवारी महिन्यांत तारापूरचा किल्ला मराठ्यांनीं हल्ला करून घेतला. झुंज मोठ्या निकराची झाली. बाजी भिवरावांसारखा नामांकित सरदार तेथें कामास आला. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई हातीं आली. म्हणजे आख्यायिका ज्या प्रसंगाशीं जोडली गेली होती, तो प्रसंग खराच. परंतु त्या प्रसंगीं लढणाऱ्या मराठ्याला गणवेश असा नव्हता. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारांतून मिळे. पण एकाच कापडाचा, एकाच बेताचा कोट सर्वांच्या अंगावर, ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नव्हती. ती कवायती पायदळाबरोबर आली. मराठी राज्यांत तिचा खरा जम बसला तो महादजी शिंद्यांनीं द बॉइन या अधिकाऱ्याकडून पलटणी उभ्या करविल्या त्या काळांत, म्हणजे १७८४ नंतर. ईस्ट इंडिया कंपनीनें मुंबई इलाख्यांत शिपायांच्या शिस्तवार पलटणी बांधल्या, त्याहि तारापूर पडल्यानंतर जवळजवळ ३० वर्षांनीं.

इतकें कळलें म्हणजे निकाल लागला असें कोणी म्हणेल. पण तसें नाहीं. कोट १७३९ चा नसेल, तरी तो कंपनीच्या पलटणींतला, १८१८ चा किंवा १८५७ चा असूं शकतो. घरांतली आख्यायिका चुकीची ठरली म्हणून वस्तु खोटी ठरत नाहीं. आणि वस्तु खरी ठरली म्हणून आख्यायिकाहि खरी ठरत नाहीं. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणें, ही या विद्येंतली पहिली पायरी होय.

ही पायरी मीं पैसे मोजून ओलांडली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मुंबईच्या जुन्या बाजारांत मला एक खाकी कोट दिसला. त्याच्या खांद्यावर ११० हा पितळी अंक होता. हिंदी लष्कराच्या पलटणींना १९०३ सालीं नवे अनुक्रम मिळाले, तेव्हां मुंबईच्या जुन्या पलटणींच्या अंकांत शंभर मिळविण्यांत आले. तिसरीची १०३ झाली, दहावीची ११०, सतरावीची ११७. १९२२ सालीं पुन्हां फेररचना होऊन या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्यें गोंवल्या गेल्या आणि ते तीन अंकी आंकडे नाहींसे झाले. म्हणजे खांद्यावरचा ११० हा अंक १९०३ ते १९२२ या दरम्यानचाच. याच ११० व्या पलटणीचे शिपाई १०३ आणि ११७ यांच्यासह मेसापोटेमियांत कूत येथें वेढ्यांत अडकले होते. डिसेंबर १९१५ मध्यें पडलेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागतीनें संपला. दुकानदारानें मला हीच कथा सांगितली, आणि ती मला अगोदरच ठाऊक असल्यामुळें मी अधिकच भाळलों. घरीं येऊन अस्तर उलटून पाहिलें तों आंत शाईचा शिक्का : साल १९४३. अंक अस्सल होता. कोटहि अस्सल होता. त्यांची जोडी मात्र कोणी तरी बाजारांत लावून दिली होती. अर्धवट जाणत्याला फसविण्यास अशी जोडी पुरते. अजाणाला त्या अंकाचा अर्थच कळला नसता.

तेव्हांपासून मीं एक नियम करून ठेवला आहे. पोशाखाला साक्षीदार पुष्कळ असतात : कापड, रंग, शिवण, दोरा, बटण, बिल्ला, शिक्का आणि झीज. प्रत्येकाची साक्ष वेगवेगळी घ्यावी, आणि सर्वांनीं एकच काळ सांगितला तरच विश्वास ठेवावा. एक जरी साक्षीदार पुढचें साल सांगूं लागला, तर तो पोशाख त्या सालाच्या पूर्वींचा जसाच्या तसा असूं शकत नाहीं. एक तर सबंध पोशाख तेव्हांचा, नाहीं तर तेव्हां त्यावर कोणाचा तरी हात फिरलेला.

कापड आणि रंग यांपासून आरंभ करूं. खाकी हा शब्द फारसीतल्या खाक म्हणजे माती या शब्दावरून आला. सरहद्दीवर १८४६ सालीं उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीनें हा धुळीचा रंग पहिल्यानें अंगीकारला. १८५७ च्या धामधुमींत पुष्कळ पलटणींनीं आपले पांढरे कपडे मिळेल त्या रंगांत बुडवून मातकट करून घेतले. त्यामुळें त्या काळचा खाकी एकसारखा नाहीं. सबंध पलटणीचा रंग एकसारखा आणि पक्का दिसूं लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तांबड्या कोटाची गोष्ट अशीच. जुन्या साध्या शिपायाचा तांबडा रंग मंजिष्ठाच्या जातीच्या मुळीपासून काढीत. त्या मुळींतलें रंगद्रव्य कारखान्यांत बनविण्याची युक्ति १८६९ सालीं सांपडली. नुसत्या डोळ्यांनीं यांतला भेद ओळखतां येतो असें मी म्हणणार नाहीं; पण रंगाचा जाणकार सांगेल तें ऐकावें.

शिवण पाहण्यास मात्र कोणताहि जाणकार नको. शिवणयंत्राचा प्रसार १८५० नंतरचा. त्याच्या पूर्वींचा म्हणून दाखविलेल्या कोटावर यंत्राची सरळ, समान टाक्यांची शिवण दिसली कीं प्रकरण तेथेंच मिटलें. दोऱ्याची साक्ष याहून पक्की. सुटलेल्या दोऱ्याचा नखाएवढा तुकडा चिमट्यांत धरून जाळावा. सूत कागदासारखें जळून राख होतें. लोकरीला केंस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर मात्र वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, आणि बाजारांत त्याचा सुळसुळाट झाला तो १९५० नंतर. पहिल्या महायुद्धांतल्या म्हणून विकलेल्या कोटाचा दोरा वितळला, तर आणखी काय सांगावयास हवें? अर्थात् अशी परीक्षा मालकाच्या संमतीनें आणि सुट्या दोऱ्यावरच करावी.

बटणें आणि बिल्ले यांवर राज्यकर्त्यांचा इतिहासच कोरलेला असतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट मध्यभागीं किंचित् खचलेला, दोन उंचवट्यांचा. १९०१ नंतरचा राजांचा मुकुट घुमटासारखा वाटोळा. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, तरी मुकुट लगेच उतरला नाहीं. २६ जानेवारी १९५० रोजीं प्रजासत्ताक झाल्यावर त्याच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह आले. महार रेजिमेंट १९४१ च्या ऑक्टोबरमध्यें बेळगांवास उभी राहिली. तिच्या आरंभींच्या बिल्ल्यावर कोरेगांवचा स्तंभ होता, पुढें त्या जागीं खंजीर आला. इतकी माहिती असली तरी निम्मी फसवणूक टळते. उरलेली निम्मी टाळण्यासाठीं भिंग घ्यावें. ठशानें ठोकलेल्या बिल्ल्याच्या कडा आणि अक्षरें धारदार असतात; खऱ्या बिल्ल्यावरून सांचा काढून ओतलेली नक्कल बोथट असते आणि तिच्या पाठीवर बारीक खड्डे दिसतात. जुने अस्सल ठसे वापरून नवे बिल्ले पाडणारेहि आहेत. तेथें भिंगहि थकतें, आणि झीज पाहावी लागते.

झीज ही साक्षीदारांतली सर्वांत प्रामाणिक. मनुष्य कोट घालतो तेव्हां तो सगळीकडे सारखा झिजत नाहीं. कॉलरच्या आंतली घडी, बाह्यांच्या कडा, खिशाचें तोंड, कोपर, पट्ट्याखालचा भाग, हीं ठिकाणें आधीं विरतात. वर्षानुवर्षें एकाच जागीं राहिलेला बिल्ला काढला, तर त्याखालचें कापड गडद राहिलेलें दिसतें. बनावट करणारा चहाच्या पाण्यांत कोट बुडवितो, कागदानें घासतो. पण त्याची झीज जेथें गिऱ्हाइकाचे डोळे जातात तेथें असते, जेथें शिपायाचें अंग हालत होतें तेथें नसते.

आतां कुंभवलीला परत जाऊं. तांबड्या कोटाची शिवण यंत्राची होती. बटण हातावर घेतलें तें पिसासारखें हलकें. पितळ नव्हे, सोनेरी चढविलेलें ॲल्युमिनियम. हा धातु स्वतंत्रपणें प्रथम मिळाला तो १८२५ सालीं, आणि स्वस्त झाला तो १८८६ नंतर. सोनेरी ॲल्युमिनियमचीं बटणें लष्करांत आलीं तीं तर विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. नानांचे शेजारी औद्योगिक वसाहतींतल्या एका रंगाच्या कारखान्यांत कामाला होते. नानांच्या संमतीनें त्यांनींच एक सुटा दोरा काढून काडीला लावला. दोऱ्याची काळी गोळी झाली. ते माझ्याकडे पाहत राहिले. बोलले कांहींच नाहींत.

नानांना खरें सांगावें कीं नाहीं, हा प्रश्न माझ्यापुढें क्षणभर उभा राहिला. सांगितलें नसतें तर कोणाचें काय बिघडलें असतें? पण तो कोट उद्यां शाळेंत मांडला जाणार होता. दोनशें मुलें त्याच्याकडे बोट करून म्हणणार होतीं कीं चिमाजीअप्पांचे लोक असे कोट घालीत. तारापूरला जे खरोखर पडले, ते आपल्या घरच्या अंगरख्यानिशीं पडले. त्यांच्या अंगावर विलायती नाटकी कोट चढविण्याचा अधिकार मला नव्हता. मीं सांगितलें.

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग आंतून त्यांच्या वडील बहिणीचा आवाज आला : “अरे, गणपतींत नाटक झालें होतें ना? मुंबईहून कपडे आणले होते भाड्यानें. त्यांतला एक परत द्यायचा राहिला म्हणून आबा किती दिवस ओरडत होते.” घरांत हशा पिकला. नाटक ऐतिहासिक होतें. कोट नाटकांतून पेटींत गेला, आणि नाटकांतली कथाहि त्याच्याबरोबर पेटींत गेली. कोणी जाणूनबुजून लबाडी केली नव्हती. पुष्कळशा खोट्या वस्तु अशाच, कोणीहि खोटें न बोलतां, तयार होतात.

नाना हंसले नाहींत. ते म्हणाले, “मास्तर, मग आमच्या घरांत इतिहास नाहींच म्हणायचा?”

मी कोटाची घडी घालूं लागलों होतों. गुंडाळावयाचें हिरवें फडकें हातीं घेतलें तेव्हां ध्यानांत आलें कीं, याला बाही आहे. तें फडकें नव्हतें; एक बाही फाडून टाकलेला सदरा होता. जाळीसारख्या विणीचें सुती कापड, छातीवर दोन खिसे. तो उलटा केला. मानेखालीं पुसट शिक्का होता : वर बाण, त्याखालीं इंग्रजी आय हें अक्षर, आणि १९४४. बाण ही सरकारी लष्करी मालाची खूण. त्याखालचें अक्षर हिंदुस्थानच्या लष्करी मालावर येई. कॉलरच्या आंत शाईनें कोणा शिपायाचा नंबर लिहिलेला होता.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशच्या आघाडीवर खाकी कपडे हिरव्यागार रानांत दुरून दिसत, म्हणून प्रथम तेच कपडे हिरवे रंगविण्यांत आले, आणि १९४३ च्या सुमारास हिंदुस्थानांत हिरवेच कपडे तयार होऊं लागले. त्याच सुमारास इटलींतहि मराठा पलटणी लढत होत्या. तेथें १९४४ सालीं यशवंत घाडगे यांनीं आणि १९४५ सालीं नामदेव जाधव यांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. पण इटलीच्या थंडींतला पोशाख लोकरीचा, आंखूड कोटाचा. हा हिरवा जाळीदार सदरा पूर्वेकडच्या रानांसाठीं शिवलेला होता.

माझ्यापाशीं अतिनील प्रकाशाचा लहानसा दिवा असतो. आजच्या धुण्याच्या पावडरींत कापड उजळ दिसावें म्हणून जीं द्रव्यें घालतात, तीं या प्रकाशांत निळसर चमकतात. नव्या कापडांत व दोऱ्यांतहि तीं असतात. म्हणून चमकलें तें नवें, असा नियम पुष्कळजण सांगतात. सदऱ्यावर दिवा धरला आणि तो सगळाच्या सगळा चमकला. नुसत्या या नियमावर विसंबून राहिलों असतों तर मीं तो सदरा फेंकून दिला असता. पण घरांतल्या सुनेनें सांगितलें कीं, पेटी झाडतांना तिनें तें फडकें दोनदां धुतलें होतें. एका साक्षीदारावर निकाल देऊं नये तो याचसाठीं. विण, शिक्का, शिवण, दोन काखांखालीं विरलेलें कापड, उजव्या खांद्यावर पट्ट्यानें घासून पडलेला फिका पट्टा, हे बाकीचे सारे एकच काळ सांगत होते. शिवाय नकलेला हेतु लागतो. पैशासाठीं कोणी बनविलेली वस्तु कोणी बोहारणीलाहि न देतां पेटींत गुंडाळण्याला वापरीत नाहीं.

मग नानांनीं जुने कागद काढले. त्यांचे थोरले चुलते लढाईंतून परत आले होते, हें घरांत सर्वांना ठाऊक होतें. पण त्यांनीं तिकडचा एक शब्दहि कधीं काढला नव्हता, आणि कोणी विचारलाहि नव्हता. त्यांच्या नोकरींतून मुक्त झाल्याच्या कागदावर एक नंबर होता. नानांनीं तो मोठ्यानें वाचला. मी कॉलरवरचा नंबर वाचीत होतों. दोन्ही एकच होते. पलटणीचें नांव मी येथें सांगत नाहीं; तें त्या घराचें आहे.

तो सदरा कोणत्या लढाईंत होता, हें मीं नानांना सांगितलें नाहीं, कारण सदऱ्यानें तें मला सांगितलें नव्हतें. एवढेंच म्हटलें कीं, हा १९४४ चा आहे, रानांतल्या लढाईसाठीं शिवलेला आहे आणि तुमच्या काकांच्या अंगावरचा आहे. त्या युद्धांत हिंदुस्थानच्या फौजेंत सुमारें २५ लाख माणसें होतीं. त्यांतल्या बहुतेकांचें नांव कोणत्याहि ग्रंथांत येणार नाहीं. त्यांची साक्ष राहिली असेल तर ती अशाच पेट्यांत, अशाच चिंध्यांत. आपण तांबड्या कोटाला हात जोडतों आणि त्याला गुंडाळलेल्या सदऱ्याची बाही भांडीं पुसावयाला फाडतों, हा दोष कुंभवलीच्या एका घराचा नव्हे.

म्हणून शेवटीं एक विनंति. आपल्या घरांत असा जुना पोशाख असेल तर तो धुऊं नका, बटणें घासून चकचकीत करूं नका, सुटलेला बिल्ला दुसऱ्या कोटाला लावूं नका. कापडाचा आंतला भाग, शिक्के आणि नंबर यांची छायाचित्रें काढून ठेवा. स्वच्छ, धुतलेल्या मलमलींत सैल गुंडाळा. कोंकणच्या दमट हवेंत अधूनमधून सावलींत वारा लागूं द्या. घरांतल्या वृद्धांना काय आठवतें तें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, पण त्या कागदावर ‘आठवण’ असेंच लिहा, ‘पुरावा’ असें लिहूं नका. वस्तु १०० वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या कायद्याप्रमाणें ती पुरावस्तु ठरते आणि परदेशीं धाडतां येत नाहीं, हेंहि ध्यानांत असूं द्या.

शाळेच्या प्रदर्शनांत नानांनीं दोन्ही वस्तु ठेवल्या. तांबड्या कोटाखालीं त्यांनीं स्वतःच्या हातानें चिठ्ठी लिहिली होती : ‘गणेशोत्सवांतील नाटकाचा कोट’. हिरव्या सदऱ्याच्या चिठ्ठीवर चुलत्यांचें नांव, नंबर आणि साल होतें. मुलांची गर्दी अर्थातच तांबड्या कोटापाशीं होती. नाना दिवसभर दुसऱ्या टेबलापाशीं उभे होते.